खांबेट्यांची चूळ

बदलापुरात सोनिवलीकडे जी नवी संकुलं उभी राहिली, त्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर श्रीपाद खांबेटे राहतात. त्यांच्या खालच्या बिऱ्हाडाला घड्याळाची गरज पडत नाही. दुपारी पाऊण वाजता वरून आधी खळखळ, मग गुळगुळ, मग घशाच्या तळातून निघालेली एक खाकर आणि शेवटी बेसिनमध्ये धबधबा, असा आवाज आला की समजायचं, खांबेट्यांचं जेवण झालं. एका जेवणाला अकरा चुळा. अकराच का, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्यांनी विचारणाऱ्याच्या नखांकडे बघून तोंड फिरवलं असतं.

माणूस वाईट नाही. अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. नमुना तपासायचा, त्यात कण दिसला की अख्खा माल परत. हीच नजर त्यांनी घरी आणली. बारवी धरणाचं पाणी घरातल्या यंत्रातून गाळून आलं तरी हे पुन्हा उकळणार आणि पुन्हा फडक्यातून गाळणार. त्यांचा पेला वेगळा, चमचा वेगळा, बाहेर कुठे गेले तर खिशात घडी घातलेला रुमाल, तो खुर्चीवर पसरून मग बूड टेकायचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण सुनेत्राबाईंच्या ताटातला घास त्यांनी कधी उचलला नाही. पाणीपुरीच्या गाडीवरून जाताना ते श्वास रोखून धरतात. जगाची त्यांना किळस येते, आणि खरं सांगायचं तर त्या किळसेचा त्यांना थोडा गर्वही आहे. आपण इतरांपेक्षा बारीक चाळणीतले, असं त्यांना वाटतं.

अशा माणसाचा दात किडावा? किडला नव्हताच. दातांच्या डॉक्टर ऋता यांनी आरशात दाखवलं की काका, तुम्ही घासून घासून हिरडी खाली ढकलली आहे. डावीकडची खालची शेवटची दाढ आधीच गेली होती, आता तिच्या पुढचीही डुलायला लागली. ती काढावी लागली. मागे आधाराला दात नाही, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकणारा पूल बसवता येणार नाही. मग दोनच वाटा राहिल्या. एक म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर पक्का दात. दुसरी म्हणजे काढता-घालता येणारा दात.

दुसरी वाट ऐकताच खांबेट्यांनी तोंडावर रुमाल धरला. त्याला कारण होतं. लहानपणी विठ्ठलवाडीच्या चाळीत राहत असताना एका दुपारी ते शाळेतून तहानलेले आले आणि मोरीच्या कट्ट्यावरचा स्टीलचा पेला उचलून घटाघटा प्यायले. अर्धा पेला संपल्यावर ओठाला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. ती त्यांच्या वडिलांची, आण्णांची कवळी होती. त्या दिवसापासून हा माणूस दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी प्यायला नाही. आणि आता त्यांनी स्वतःचा दात रोज काढून पेल्यात ठेवायचा!

"स्क्रू बसवा," ते म्हणाले.

"बसवते," ऋता म्हणाल्या, "पण तुमचं हाड कमी आहे. ही संधी एकदाच. तीन महिन्यांत हाडानं स्क्रू धरला तर पुढची काळजी नाही. नाही धरला, तर मात्र काढता-घालताच दात."

डॉक्टरांचा दवाखाना उल्हासनगरात, विठ्ठलवाडीच्या डेपोपासून थोडा आत. शस्त्रक्रियेत दुखलं काहीच नाही. दुखलं असतं तर बरं, असं खांबेट्यांना वाटलं, कारण दुखत नसल्यामुळे बाकीचं सगळं नीट जाणवत होतं. जबड्यात घरघर, तोंडात गार पाणी आणि त्या पाण्यात मिसळलेली स्वतःची लाळ ओढून घेणारी ती सुरसुरणारी नळी. ती नळी याआधी किती तोंडांत गेली असेल, हा हिशेब त्यांनी डोळे मिटून केला. नळी दर वेळी नवी असते, हे डॉक्टरांच्या मदतनीस लाजवंतीबाईंनी त्यांना आधीच दोनदा सांगितलं होतं.

टाके घालून झाल्यावर लाजवंतीबाईंनी त्यांच्या दाढेखाली कापसाची गादी दाबली आणि त्या सिंधी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "अंकल, एक घंटा दबा के रखना. आज का दिन थूकना नहीं है. कुल्ला तो बिलकुल नहीं. स्ट्रॉ से भी नहीं पीना. जो आएगा, निगल जाना."

खांबेट्यांनी डोळे मोठे केले. निगल जाना? रक्त? लाळ? सगळं?

"सगळं," ऋता म्हणाल्या. "तिथे रक्ताची गुठळी धरते, ती जखमेवरचं झाकण. चूळ भरलीत, थुंकलात, की ते झाकण निघतं. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी, पण खळखळायचं नाही. तोंडात घ्या, मान कलती करा आणि तोंड उघडून नुसतं पडू द्या. गाल सुजेल, दोन-तीन दिवस वाढेल, मग उतरेल. निळापिवळा डाग पडेल, त्याला घाबरू नका. जखमेवर पांढरट साय येईल, ती घाण नाही, ती भरून येण्याची खूण आहे. तिला हात लावू नका."

खांबेट्यांनी सगळं ऐकलं. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस, सूचना पाळणं त्यांच्या रक्तात होतं. पण रिक्षा अंबरनाथ ओलांडेपर्यंत त्यांच्या बधिर ओठाच्या कोपऱ्यातून गुलाबी लाळेची एक तार सदऱ्यावर उतरली. त्यांना ती कळलीही नाही. सुनेत्राबाईंनी ओढणीच्या टोकानं पुसली तेव्हा कळली, आणि ते असे मागे सरले की रिक्षावाल्यानं वळून बघितलं.

पहिला दिवस त्यांनी गिळण्यात घालवला. लोखंडाची चव असलेलं कोमट काहीतरी तोंडात साठायचं आणि ते डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन गिळायचे. रुमालात बर्फ बांधून गालावर धरायचा, थोड्या वेळानं काढायचा, पुन्हा धरायचा. हे सगळं निभलं असतं. पण दुपारी सुनेत्राबाईंनी गार, मऊ कालवलेला दहीभात दिला आणि तो खाल्ल्यावर खरी पंचाईत झाली. तोंड उष्टं! आतमध्ये भाताची शितं, दह्याचा आंबूस लेप, आणि चूळ नाही. जन्मात पहिल्यांदा खांबेटे जेवून उठले आणि बेसिनपाशी नुसते उभे राहिले. मग ते आतल्या खोलीत गेले आणि पंख्याखाली तोंड उघडं टाकून बसले, निदान हवा तरी लागेल म्हणून.

संध्याकाळी त्यांनी देवापाशी दिवा लावला नाही. "उष्ट्या तोंडानं देवाला हात कसा लावू? तू लाव," असं त्यांनी जेमतेम ओठ हलवून सांगितलं. सुनेत्राबाईंनी दिवा लावला. त्या फारसं बोलत नाहीत. नवरा बोलत नसताना घरात किती शांतता असते, हे त्यांनाही त्या दिवशी नवीनच कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी गाल टम्म फुगला, डावा डोळा बारीक झाला आणि तोंडाला वास यायला लागला. मिठाचं पाणी तोंडात घेऊन मान कलती करून ते पडू द्यायचं, हा प्रकार त्यांना बैलाची लाळ गळते तसा वाटला. आरशात त्यांनी एकदाच बघितलं आणि आरशावर टॉवेल टाकला. त्यात शेजारचे अवधूतराव चौकशीला आले. अवधूतराव मोबाईलचा उजेड पाडून म्हणाले, "बघू बघू, आ करा! आमच्या साडूचा पण असाच केला होता, त्याला सॉलिड पस झालेला." खांबेट्यांनी ओठ घट्ट मिटून मानेनं नाही म्हटलं. पस हा शब्द मात्र त्यांच्या डोक्यात मुक्कामाला राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मऊ खिचडी होती. सुनेत्राबाई भाजी आणायला खाली उतरल्या आणि खांबेट्यांच्या जिभेला टाक्यापाशी एक शीत लागलं. जीभ काही तिथून हलेना. शीत निघेना. त्यांनी आरशावरचा टॉवेल काढला, खिशातली विजेरी पेटवली आणि गाल ओढून आत बघितलं. काळे दोरे, लाल हिरडी आणि तिच्यावर पांढरट, बुळबुळीत थर. ती साय असते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण डोळ्यांना ती साय दिसेना, त्यांना सडलेलं काहीतरी दिसलं. तीन दिवसांची खिचडी, दही, रक्त, लाळ, सगळं आपल्या तोंडात कुजतं आहे, आपण आतून नासलो आहोत, असं त्यांना वाटलं आणि हात आपोआप तांब्याकडे गेला.

पहिली चूळ त्यांनी हळूच भरली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तीन दिवस कोंडलेला माणूस मोकळ्या हवेत यावा तसं. दुसरी थोडी जोरात, तिसरी आणखी. चौथीपासून जुनी लय सापडली. खळखळ, गुळगुळ, खाकर, धबधबा. खालच्या बिऱ्हाडातल्या बाई आपल्या सुनेला म्हणाल्या, "बरे झाले वाटतं काका." सातव्या चुळेला आत काहीतरी सटकलं. आठवी लाल आली. शहाणा माणूस तिथे थांबला असता. खांबेट्यांनी अकरा पुऱ्या केल्या.

सुनेत्राबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या तेव्हा बेसिन लाल होतं आणि खांबेटे खाली बसून कापूस शोधत होते. सुनेत्राबाईंनी पिशवी खाली ठेवून त्यांच्या दाढेखाली कापूस दाबला आणि रिक्षा बोलावली.

ऋता डॉक्टरांनी आधी आ करायला लावलं. धुतलं, तपासलं, पुन्हा टाका घातला. मग हातमोजे काढून समोर बसल्या.

"किती वेळा भरलीत?"

खांबेट्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि मग आणखी एक.

"टाका फाटला. हिरडी उघडी पडली, आत अन्न गेलं आणि आता तिथे सूज धरते आहे. स्क्रू अजून हललेला नाही, तो तुमच्या नशिबानं. पण तिथे पू झाला तर मी काही करू शकणार नाही. स्क्रू काढावा लागेल."

काढता-घालता दात खांबेट्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"आता दोन आठवडे प्रत्येक खाण्यानंतर ही जागा धुवायची," असं म्हणून त्यांनी वाकड्या टोकाची, सुई नसलेली एक सिरिंज पुढे केली. "औषधाचं पाणी, थेंब थेंब. मग कापसाच्या बोळ्यानं जेल. आणि हे तुम्ही करायचं नाही, काका. तुमच्या हातावर माझा भरवसा राहिलेला नाही. दुसऱ्या कुणी तरी नीट उजेडात, आत बघून करायचं." त्यांनी सुनेत्राबाईंकडे बघितलं. "काकू, कराल ना?"

सुनेत्राबाईंनी सिरिंज पर्समध्ये ठेवली.

घरी आल्यावर खांबेटे आरामखुर्चीत बसले. सुनेत्राबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घड्या घालता घालताच त्या म्हणाल्या, "मी म्हणते, बाई लावू या. सुंदराबाईंचा नंबर आहे माझ्याकडे."

"बाई?" खांबेटे कापसाच्या आडून म्हणाले. "परक्या बाईनं माझ्या तोंडात हात घालायचा? शी!"

"मला चाललं होतं," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि उशीचा अभ्रा झटकला.

सहा वर्षांपूर्वी सुनेत्राबाईंच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. पोटातून एक नळी बाहेर काढलेली, तिला पिशवी, आणि पिशवीत पिवळं-तांबडं पाणी साचायचं. घरी आल्यावरही पंधरा दिवस ती पिशवी होती. पिशवी रिकामी करायची, मोजून लिहायचं, नळीभोवतीचं पुसायचं. पहिल्याच दिवशी सुनेत्राबाईंना उलटी झाली आणि खांबेटे खोलीच्या दारापर्यंत मागे गेले. नाकाला रुमाल लावून ते दारातून म्हणाले होते, "सुनेत्रा, मला हे जमणार नाही, तुला माहितीये माझं." दुसऱ्या दिवशी बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून सुंदराबाई आल्या. पंधरा दिवस सगळं त्यांनीच केलं. खांबेटे हॉलमध्ये झोपले. आपण बायकोसाठी चांगली बाई शोधून आणली, असं ते चारचौघांत सांगतही असत. सुनेत्राबाई त्यावर तेव्हा काही बोलल्या नव्हत्या, नंतरही कधी नाही. आणि आज त्या अभ्रा झटकत बोलल्या.

एरवी त्यांच्याकडे किळसेची कारणं तयार असत. ही दारातली किळस कोणत्या कारणात बसवायची, ते त्यांना कळेना.

रात्रीची पेज झाल्यावर सुनेत्राबाईंनी खुर्ची बाल्कनीच्या दिव्याखाली ओढली. "या," त्या म्हणाल्या. नाकावर त्यांनी धुतलेला पंचा बांधला होता. एका हातात विजेरी, दुसऱ्यात सिरिंज. "आ करा."

खांबेट्यांनी आ केलं. वास त्यांना स्वतःलाच आला. सुनेत्राबाई वाकल्या आणि पंच्याच्या वर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खांबेटे खालून ते सगळं बघत होते, बघण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं. सुनेत्राबाईंचे डोळे आत वळलेले, पापण्या फडफडलेल्या, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली. मग एकदम त्या वळल्या, कठड्याला धरून वाकल्या आणि त्यांच्या घशातून कोरडी ओकारी निघाली. एकदा, दोनदा. खालच्या मजल्यावर टीव्ही चालू होता.

आपल्याला बघून एका माणसाला ओकारी येते आहे. आयुष्यभर जगाकडे नाक मुरडून बघणाऱ्या खांबेट्यांना हे बाहेरून कसं दिसतं ते माहीत नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तोंड मिटायला लागले.

"मिटू नका," सुनेत्राबाई परत येत म्हणाल्या. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि विजेरी पुन्हा पेटवली. थेंब थेंब पाणी हिरडीवर पडू लागलं. शीत निघालं. ते त्यांनी कापसावर घेतलं, बघितलं आणि टाकून दिलं.

पुढचे दोन आठवडे हे दिवसातून तीन वेळा चाललं. खांबेटे कमी खाऊ लागले, म्हणजे धुवायला कमी लागेल. ते ओळखून सुनेत्राबाईंनी ताटात वाढूनच द्यायला सुरुवात केली. "उपाशी राहून जखम भरणार नाही, गपचूप खा." वास उतरला. सूज उतरली. गालावरचा हिरवा-पिवळा डाग मानेपर्यंत ओघळला आणि तिथे विरला. पू झाला नाही. टाके निघाले तेव्हा लाजवंतीबाई आत बघून म्हणाल्या, "अंकल, किसने किया? एकदम साफ है." खांबेट्यांनी बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं.

मग तीन महिने वाट. त्या तीन महिन्यांत खांबेटे डावीकडे काही चावले नाहीत आणि खालच्या बिऱ्हाडाला घड्याळ लावावं लागलं. ठरल्या दिवशी ऋतांनी स्क्रूवर बारीक दांड्यानं टकटक केलं, फिरवून बघितलं, एक्स-रे उजेडात धरला. "धरलाय," त्या म्हणाल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी वर दात बसला. तो पेल्यात ठेवायचा नव्हता. खांबेट्यांना हवं होतं ते मिळालं.

त्या दिवशी सुनेत्राबाईंनी ज्वारीची भाकरी केली. कित्येक महिन्यांनी खांबेट्यांच्या पानात भाकरी पडली. त्यांनी तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. तीन महिने पोटात ठेवलेलं त्यांना विचारायचं होतं.

"सुनेत्रा, तुला किळस नाही आली?"

"आली ना." त्या तव्यावरची भाकरी उलटवत होत्या. "रोज यायची. तिन्ही वेळा. पहिल्या दिवशी तर तुम्ही बघितलंतच."

"मग?"

"मग काय मग? तोंड पुसलं नि आले परत."

त्यांनी भाकरी फुगवून टोपलीत टाकली आणि दुसरा उंडा मळायला घेतला. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं होतं. खांबेटे हातातला तुकडा धरून बसून राहिले. सहा वर्षांपूर्वी ते त्या दारातून मागे फिरले होते, ते सोळाव्या दिवशी, पिशवी निघाल्यावर आत आले होते.